माकडं आली!

परवा एका शाळेत भूकंपाची तालीम बघायला गेले होते. घंटा वाजली तरी पोरं रेंगाळतच बाहेर येत होती, आणि मला खानापूरजवळची आमची कौलारू शाळा आठवली.

तिथं कौलं वाजली की समजायचं, माकडं आली. धडा अर्धा टाकून अख्खा वर्ग ओरडत अंगणात पळायचा, त्यांना हाकलायला. त्या दुपारी कौलं लईच वाजली. आम्ही खुशीत बाहेर सुटलो, मागोमाग गुरुजी छडी घेऊन. छपरावर एकही माकड नव्हतं.

"गेली कुठं रं?" गुरुजी म्हणतात तोवर फळ्यामागची भिंत आत कोसळली. तो भूकंप होता, हे संध्याकाळी रेडिओवरनं कळलं.

आता मी इंजिनिअर आहे, म्हणून कळतं. जमीन तशी थोडीशीच हलली होती. पण नुसत्या मातीत रचलेली भिंत तेवढ्यानंच गेली, आणि लाकडी खांबांवरचं छप्पर खडखडून तसंच उभं राहिलं.

दुसऱ्या दिवशी वर्ग फणसाखाली भरला. छपरावर खरीच माकडं आली. आम्ही काठ्या उचलल्या, तर गुरुजींनी खिशातनं शेंगा काढल्या.

"खाली ठेवा रं काठ्या. पाव्हणे हाइत ते."