देवीला काय सांगायचं, झालं की होणार?

नातवंडांनो, तुम्ही दोघं तिकडं जपानात आपापसात जपानीत भांडता आणि मला फोनवर नुसते आवाज ऐकू येतात, म्हणून मी साठी उलटल्यावर ती भाषा शिकायला घेतली. त्या शिकण्यापायी गेल्या महिन्यात माझा एक रविवार कसा गेला, ते आज लिहिते. अडेल तिथं तुमचे बाबा वाचून दाखवतील.

आपल्या धाराशिवच्या घराच्या मागच्या गल्लीत एक मुलगी राहते. इथल्याच एका दवाखान्यात नर्स आहे. सोलापूरला क्लास लावून तीही जपानी शिकली, आणि तुमच्याकडच्या एका वृद्धाश्रमातल्या कामासाठी तिची फोनवरून मुलाखत झाली. त्या रविवारी ती आईला घेऊन आली तेव्हा मी पुस्तकांचं कपाट आवरत होते.

"मॅडम, तिकडून निरोप आलाय. एवढा इंग्रजीत करून द्या. दवाखान्यातल्या डॉक्टरांना फायलीला इंग्रजीतला कागद उद्या सकाळी पाहिजे. पक्कं झालं असंल तर सांग म्हणाले, त्यांच्याकडं दुसरी नर्स तयार आहे."

निरोप छोटाच होता. मुलाखत आवडली, राहिलेली कागदपत्रं पाठवा, आत घालायच्या बुटांसाठी पायाचं माप कळवा, आणि शेवटी एक क्रियापद: 'उकेइरेमास'. म्हणजे, तुम्हाला आमच्यात घेतो. मी पेन उघडलं आणि तिथंच अडकले.

जपानीत 'घेतो' आणि 'घेणार' यांना एकच रूप. आपणही 'उद्या येते' म्हणतो आणि कुणाचं काही अडत नाही. इंग्रजीचं तसं नाही. ती दारातच उभं करून विचारते, घेतलं की घेणार? हेच मी वर्षानुवर्षं फळ्यावर रकाने आखून मुलांना शिकवलं आणि चुकलेल्यांना पुन्हा लिहायला लावलं. आता पेन माझ्याच हातात होतं. 'घेतलं' लिहिलं, तर डॉक्टर उद्याच दुसरीला बसवणार. मग तिकडचं फिसकटलं तर ही पोरगी दोन्हीकडून जाणार. 'घेणार' लिहिलं आणि खरं तर घेतलेलं असलं, तर डॉक्टर तिला सोडायला वेळ लावणार आणि तिकडं उशीर होणार.

"घेतो म्हणलेत नव्हं?" तिची आई म्हणाली. "मग लिवा की घेतलं म्हणून."

"आई, शिंपीबी 'देतो की' म्हणतो," पोरगी म्हणाली. "तुझा दिवाळीचा ब्लाऊज अजून त्याच्याकडंच आहे."

"जपानात असले शिंपी नसतेत!"

आईची घाई वेगळीच होती. पोरीचं काम झालं की ओटी भरीन, असं तुळजापूरच्या देवीला बोलून बसली होती. मंगळवारसाठी जीप सांगितली होती, खण आणि नारळही आणून ठेवला होता.

"अगं, पण झालंय की नाही तेच माहीत नाही," मी म्हटलं.

"तीच तर पंचाईत हाय, बाई. अदुगर भरली तर देवी म्हणंल, हिचं काम झालंय, आता म्या कशाला बघू? अन् झालं असून न्हाय भरली तर ती रुसंल. तुमीच सांगा, झालं का व्हणार?" मग जरा विचार करून म्हणाली, "डॉक्टरला एक अन् देवीला एक, असं लिवता येत न्हाय का?"

पोरगी हसली. मला हसू येईना.

त्या गेल्यावर मी कपाटातली पुस्तकं उंचीप्रमाणे लावली, मग काढून विषयाप्रमाणे लावली. चहा केला आणि ओट्यावरच विसरले. तुम्हाला फोन लावला; तुम्ही सगळे डोंगरावर गेला होतात, लागला नाही. कागदावर एक वाक्य लिहायचं, खोडायचं, दुसरं लिहायचं, अंगणात चक्कर मारून यायचं आणि पुन्हा पहिलं लिहायचं. शेवटी पोरीला बोलावलं आणि आम्ही दोघींनी मिळून तिकडं विचारलं: निर्णय होऊन गेला आहे, की अजून व्हायचा आहे?

संध्याकाळी उत्तर आलं. अतिशय नम्र. "होय. उकेइरेमास. पायाचं माप अजून मिळालेलं नाही, कृपया कळवावं."

मी डोक्याला हात लावला. पोरगी मात्र तो निरोप पुन्हा पुन्हा वाचत राहिली.

"मॅडम, होणार असंच लिहा," ती म्हणाली. "माप गेलं नाही, कागद गेले नाहीत. त्यांनी मनात घेतलं असंल, पण मी अजून इथंच आहे. उद्या सकाळी मला ड्यूटी आहे."

मी 'विल' लिहिलं, खाली सही केली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी कागद वाचून तोंड वाकडं केलं म्हणे. "विल? मग होईस्तोवर काम कर," एवढंच बोलले. दुसऱ्या नर्सला थांबायला सांगितलं.

पोरीची आई माझ्यावर रागावली. "येवढं जपानी शिकून व्हणारच लिवलं का, बाई?" जीप सांगितलेली होती म्हणून मंगळवारी तुळजापूरला जाऊन आली, पण नुसतं दर्शन घेऊन. येताना खण आणि नारळ सरळ माझ्या घरी आणले.

"घरी ठिवला तर येणारं-जाणारं इचारतंय. तुमच्यापायी ऱ्हायलाय, तुमीच संभाळा."

तो नारळ माझ्या पुस्तकांच्या रांगेत, शब्दकोशाशेजारी बसलाय. रांग बिघडली आहे, पण तो कुठं हलवावा ते सुचत नाही. पायाचं माप आम्ही कळवलं, कागदही गेले. त्यानंतर तिकडून काही नाही. पोरगी रोज ड्यूटीवर जाते आणि परतताना माझ्या खिडकीशी थांबून नुसती मान हलवते: नाही आलं.

आज सकाळी तिची आई आली, नारळ कानाशी धरून हलवला. "पानी हाय अजून, ओटीला चालंल," म्हणाली आणि गेली.

ती वळणावरून दिसेनाशी झाल्यावर मीही हलवून पाहिला.