कोर्टाचा दिवस कुठल्या रकान्यात?

"मॅडम, हे अक्षर कोणाचं?"

आरोपीच्या वकिलांनी आमचं ड्युटी रजिस्टर माझ्यापुढे धरलं. वसईच्या कोर्टात मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी होते.

"माझं."

"आणि ही रेघ?"

"तीही माझीच."

ही रेघेची भानगड काय, ते आधी सांगते.

वसई पूर्वेला एका ट्रान्सपोर्ट कंपनीत मी बावीस वर्षं ऑपरेशन्स सांभाळलं. कुठली गाडी कुठे, ड्रायव्हर कोण, किती तास चालवतोय, हे सगळं माझ्या टेबलावर. ड्युटी रजिस्टरमध्ये प्रत्येक ड्रायव्हरची रोजची एक ओळ. रकाने चार: गाडी चालवली, माल चढवला-उतरवला, विश्रांती, रजा. ओळ ड्रायव्हरने स्वतःच्या हाताने भरायची, मी तपासून सही करायची. कायद्याने ड्रायव्हरला आठवड्यातून एक दिवस सुट्टी द्यावीच लागते. ती दिली की नाही, हे लेबर इन्स्पेक्टर याच रजिस्टरमध्ये बघतो.

पास्कल आमचा जुना ड्रायव्हर. अर्नाळ्याच्या कोळ्याच्या घरातला. बोट लागते म्हणून ट्रकवर आला, असं सगळे त्याला चिडवायचे. तो नाही म्हणायचा नाही.

एका सकाळी सातिवलीजवळ हायवेच्या कडेला तो टायर बघायला थांबला होता. थोडं पुढे होळी गावच्या वत्सलाबाई भाजीची पाटी घेऊन रिक्षाची वाट बघत उभ्या होत्या. एका कारने त्यांना उडवलं. पास्कलने त्यांना केबिनमध्ये घालून हॉस्पिटलला नेलं. पाय वाचला, पण काठी कायमची आली. कारवाल्याचं म्हणणं, बाईच धावत रस्त्यात आली. डोळ्यांनी पाहणारा एकटा पास्कल. त्याची साक्ष टिकली नाही, तर पाय मोडलेल्या बाईंच्याच माथी दोष जाणार होता.

साक्षीचं समन्स आलं. पास्कल पहिल्या तारखेला गेला, दिवसभर बसला आणि पुढची तारीख घेऊन आला. दुसऱ्या दिवशी रजिस्टरमध्ये त्याने चारही रकान्यांवरून आडवं लिहिलं, 'कोर्ट'.

"पास्कल, असा रकाना नाही आपल्याकडे."

"मग काय लिहू, मॅडम?"

"गाडी चालवली नाहीस ना? मग विश्रांती."

"सकाळपासून लाकडी बाकावर बसलो. पानी प्यायला उठायची पन भीती, तेवढ्यात नाव पुकारलं तर? ही कसली विश्रांती?"

मी हसले, पेन घेतलं, 'कोर्ट'वर रेघ मारली आणि वर 'विश्रांती' लिहिलं. त्या आठवड्यात त्याला सुट्टी दिलेली नव्हती. कागदावर ती आपोआप दिली गेली. मला तेव्हा ही हुशारी वाटली. पुढचे सहा दिवस तो वापीच्या फेऱ्या मारत होता. दुसऱ्या तारखेलाही नंबर लागला नाही. त्याने पुन्हा 'कोर्ट' लिहिलं, मी पुन्हा खोडलं.

मग कारवाल्याच्या वकिलांनी नवीन काढलं: पास्कल त्या दिवशी त्या रस्त्यावर नव्हताच. म्हणून सरकारी वकिलांनी आमचं रजिस्टर मागवलं, आणि ते घेऊन हजर राहायचं समन्स मला आलं. अपघाताच्या दिवसाची ओळ मी बघितली. वेळ, 'सातिवली, टायर', 'बाईला हॉस्पिटलला नेलं', सगळं पास्कलच्या हातचं. मी निश्चिंत झाले. मग सहज पुढची पानं उलटली आणि माझ्या दोन रेघा दिसल्या.

कंपनीच्या शेठना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "त्यात काय टेन्शन? विचारलं तर सांगा, ड्रायव्हर खुद बोलला सुट्टी लिहा म्हणून. त्याचं काय जातंय?"

पास्कलचं काय जाणार होतं, ते आम्हा दोघांनाही नीट माहीत होतं: खोटी नोंद त्याची ठरली, की त्याची साक्षही खोटी ठरणार.

तर मी पिंजऱ्यात. पास्कलची साक्ष नुकतीच झाली होती आणि तो मागच्या बाकावर बसला होता. शेजारी वत्सलाबाई, मांडीवर आडवी काठी.

आरोपीचे वकील म्हणाले, "कोर्टाच्या रोजनाम्यात या दोन तारखांना साक्षीदार हजर आहे. तुमच्या रजिस्टरमध्ये तो विश्रांती घेतोय. खोटं कोण, कोर्ट की रजिस्टर?"

दोघं-तिघं हसले. शेठचं वाक्य माझ्या अगदी जिभेवर होतं.

"रजिस्टर," मी म्हटलं. "ते मी बदललं. आठवड्याची सुट्टी दिली नव्हती, ती दिल्यासारखी दाखवायची होती."

"म्हणजे हे सगळं रजिस्टरच भरवशाचं नाही!"

मॅजिस्ट्रेटबाईंनी हात पुढे केला. रजिस्टर त्यांच्याकडे गेलं. त्यांनी पान जवळ घेऊन बघितलं.

"रेघेखाली काय लिहिलंय?"

"कोर्ट. पास्कलने लिहिलं होतं."

"म्हणजे साक्षीदाराने खरं लिहिलं आणि तुम्ही खोडलं."

"हो, मॅडम."

"अपघाताच्या दिवशी खाडाखोड आहे?"

"नाही. ती ओळ पूर्ण त्याच्या हातची आहे."

त्यांनी ते टायपिस्टला शब्द न् शब्द लिहून घ्यायला सांगितलं. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

महिनाभराने निकाल लागला. कारवाला दोषी ठरला. साक्षीदार सोयीसाठीसुद्धा खोटी नोंद करत नाही, असं निकालपत्रात आलं. बाई रस्त्यात आल्या नव्हत्या, हेही आलं. कंपनीला लेबर खात्याची नोटीस आली आणि मला बावीस वर्षांतला पहिला मेमो. तो बरोबरच होता.

माझा भाचा परदेशात ट्रेलर चालवतो. तिकडे ड्रायव्हरला ज्युरीत बसायला बोलावतात, म्हणजे न्यायाधीशासोबत साधी माणसं निकाल देतात, त्यात. तो वेळ 'ऑफ ड्युटी' लिहायचा, असा तिकडे नियमच आहे, असं तो सांगतो. नियम बरा की वाईट ते सोडा, लेखी आहे याचाच मला हेवा वाटला. आमच्याकडे मी पट्टी घेऊन पाचवा रकाना आखला: कोर्ट. माणूस दिवसभर कुठे होता ते आधी लिहावं, ते कशात बसतं ते मागाहून बघावं, एवढंच मी यातून शिकले. शिकायला बावीस वर्षं जरा जास्तच झाली.

पास्कलच्या दोन सुट्ट्या राहिल्या होत्या. त्या मी त्याला लागोपाठ घ्यायला लावल्या. तिसऱ्या दिवशी तो आला, दोन ओळींत 'विश्रांती' लिहिलं आणि रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. मी सहीसाठी पेन उचललं, तसा त्याने पानावर हात ठेवला.

"मॅडम, ही खरी हाय. खोडू नका."