खंडेनवमीला झाकण पुजणारी काकी

झाकणवाली काकी गेली. आज पहाटे, झोपेतच.

कसबा बावड्यात आमच्या काकांचा सुतारकामाचा कारखाना आहे. मधोमध गोल पात्याचं कटर मशीन. पात्यावर लोखंडी गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून.
काकी त्याला झाकण म्हणायची. आणि कारखान्यांची अख्खी लाइन तिला झाकणवाली.

मी शाळेत होतो तेव्हा.
खंडेनवमीला काकांनी पात्याला हळदकुंकू लावायला गार्ड काढला. झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले. गार्ड कोपऱ्यात पडला तो पडलाच.

दसरा झाला, काम सुरू झालं. परत बसवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

काकांची उजव्या हाताची दोन बोटं गेली.

पुढच्या खंडेनवमीला काका पाना घेऊन वाकले, तसा काकीनं तो हातातनं काढूनच घेतला.
"गार्ड काढायचा न्हाय."
"अगं, पात्याची पूजा करायची की!"
"बोटं खाल्ली त्यानं. त्याची कसली पूजा? राखतंय ते झाकण. त्याला लावा कुंकू."

लाइनीतले हसले. "सगळी तलवार पुजत्यात, आमची काकी म्यान पुजतीया!"
"हसा की. आपापली बोटं मोजा आन् मग हसा."
काकीच्या तोंडाला कोण लागणार?

रोज सकाळी चहाची किटली घेऊन यायची. आधी मशीनकडं बघायची. गार्ड नसला की किटली तशीच माघारी, आम्ही कामावरचे सगळे बिनचहाचे. अशा शिव्या घातल्यात आम्ही तिला मनातल्या मनात! आज तोच चहा सकाळपासून आठवतोय.

एकदा कागल एमआयडीसीतल्या एका कंपनीची पॅकिंग पेट्यांची ऑर्डर होती. बारीक पट्ट्या कापायला गार्ड आडवा येतो म्हणून दादानं, म्हणजे तिच्या पोरानं, तो काढला.
"आई, अर्जंट हाय गं."
"तुझ्या बाचंबी अर्जंटच हुतं."
दादानं परत गार्ड बसवला, पट्टी ढकलायला लांब काठी घेतली आणि कामाला लागला.

मघाशी पंचगंगेवर दादानं अग्नी दिला. मागं आला तसा काकांनी त्याचा हात धरला. त्यांच्या त्या अर्ध्या पंजात पोराचा धडधाकट हात.
बाकीचे गाड्या काढायला लागले, तरी काकांनी तो सोडला नाही.

काकी, भरल्या डोळ्यांनी निरोप.