मामांचं मूळ आणि माझी गाडी

माझ्या सासुरवाडीला जायची सोय उत्तम आहे. अडचण येते ती फक्त पोचण्यात.

हिरडेवाडी हे गाव आंबेगाव तालुक्याच्या पार पश्चिमेला, डिंभ्याच्या धरणामागे, कोकणात उतरणाऱ्या कड्याच्या काठावर बसलंय. पावसाळ्यात पुण्याची पोरं पाठीवर बोचकी घेऊन तिथं ट्रेकला जातात आणि कुणीतरी त्यांना माझा नंबर देतं. "काका, जायला काय काय ऑप्शन आहेत?" मी सांगतो, संध्याकाळची मुक्कामी एसटी आहे, ती रात्री वरच झोपते आणि सकाळी खाली येते. घोडेगावहून जीप आहे, ती भरली की निघते. (जीप भरली हे कसं ओळखायचं? ड्रायव्हरचा एक पाय बाहेर आला की भरली.) "आणि स्वतःची गाडी आणली तर?" असं कुणी विचारलं, की मी रेंज गेल्याचं निमित्त करून फोन ठेवतो.

कारण माझ्याकडे स्वतःची गाडी आहे.

आम्ही राहतो पिंपरी पेंढारला, जुन्नर तालुक्यात. सपाट मुलूख, टोमॅटो-कांद्याचं गाव. बायको, सुनीता, डोंगरातली. आमच्याकडे नागपंचमीला लेकीला माहेरी न्यायला माहेरचं माणूस येतं. ते मूळ, म्हणजे माहेरचं बोलावणं, घेऊन आलं असं म्हणतात आणि त्या माणसाला मुराळी. मुराळी सहसा भाऊ असतो. पण माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, लग्न झाल्यापासून हे खातं स्वतःकडेच ठेवलेलं. दर श्रावणात पांढरी टोपी, धुतलेलं धोतर आणि पिशवीत तांदळाची पुरचुंडी घेऊन ते आमच्या दारात उभे राहायचे. पाय धुवायचे, जेवायचे, मुक्काम करायचे आणि सकाळी लेकीची पिशवी आपल्या खांद्याला लावून निघायचे. तिला दोन पोरं झाली, पोरं कॉलेजात गेली, पण खांदा काही बदलला नाही.

गेल्या श्रावणात मात्र मेहुण्याचा, रामदासचा, फोन आला. गावात रेंज नसल्यामुळे तो मागच्या टेपाडावर चढून ओरडत होता.

"दाजी, बाबांचा गुडघा लई सुजलाय. औंदा मूळ न्हाई म्हनून सांगा तायला."

सुनीता "बरं" म्हणाली आणि भाकरी थापत राहिली. दुसऱ्या दिवशीही ती थापतच होती, पण भाकऱ्या माणसांपेक्षा जास्त व्हायला लागल्या. तिसऱ्या दिवशी मला ते बघवेना. दोनच महिन्यांपूर्वी मी एक जुनी गाडी घेतली होती आणि ती मिरवायला मला निमित्त हवं होतं, हेही खरं.

"चल, मी सोडतो तुला गाडीनं," मी म्हणालो.

"मूळ नसताना?"

"मीच मूळ."

"नवरा कुटं मुराळी आसतो व्हय?"

आमची आई उंबऱ्यात बसून लसूण सोलत होती. ती मान वर न करता म्हणाली, "नवराच मुराळी झाल्यावर तिनं नांदायचं कुनाकडं?"

बायकांचं ऐकत बसलो असतो तर गाडी घेतलीच नसती. (घेतली नसती तर बरं झालं असतं, पण ते पुढं कळलं.) दुसऱ्या दिवशी पहाटेच आम्ही निघालो. आळेफाटा, नारायणगाव, मंचर, घोडेगाव, मी गाडी अशी चालवली की सुनीतानं सारखी दाराची कडी धरलेली असूनही एकदाही "हळू" म्हटलं नाही. डिंभे मागं पडलं, घाट लागला आणि धुकं आलं. बॉनेट दिसेनासं झालं. वळणावर समोरून वरची जीप उगवली, गच्च भरलेली.

रस्ता एकाच गाडीपुरता. जीपवाला काच खाली करून म्हणाला, "भाऊ, रिवस घ्या."

आता इथं एक सांगायला हवं. गाडी पुढं न्यायला मी छान शिकलो होतो. मागं न्यायचा धडा आला त्या दिवशी टोमॅटोची तोडणी होती.

मी इकडून वळवली, तिकडून वळवली आणि शेवटी गाडी रस्त्यात अशी आडवी बसवली की आता कुणालाच कुठं जाता येईना. जीपमधून सूचना सुरू झाल्या. "डाव्या अंगाला घ्या." "आरं, त्येचं डावं न्हाई, आपलं डावं." "दगड लावा पाटी." आतून कुणीतरी म्हातारा शांतपणे म्हणाला, "सावकाश, सावकाश. उलीसं थांबू आपन." शेवटी जीपवाला स्वतः माझ्या जागी बसला, गाडी मागं घेतली, मला किल्ली दिली आणि काही न बोलता निघून गेला. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

"आतनं बाबांसारखा आवाज आला," सुनीता म्हणाली.

"या डोंगरात सगळ्यांचाच आवाज बाबांसारखा असतो," मी म्हणालो आणि पहिला गिअर टाकला.

हिरडेवाडीत पोचलो. मामी ओट्यावर नाचणी पाखडत होत्या. लेकीला बघून त्यांचं सूप हातातच राहिलं.

"आगं, तू हितं कशी? तुजा बा तुला आनाया गेलाय."

मामांनी पोराला सांगितलं होतं की घोडेगावला डॉक्टरला गुडघा दाखवून येतो. मामींना खरं ठाऊक होतं, कारण पिशवीत तांदळाची पुरचुंडी त्यांनीच बांधून दिली होती. सुनीता मटकन पायरीवर बसली.

"आई, आत तरी घे," ती म्हणाली.

"कशी घेऊ? मूळ तिकडं गेलंय आन लेक हिकडं. तू आत आलीस तर त्येंनी एवडं लंगडत जायाचं कशापायी?"

आणि त्यांनी खरोखरच आम्हाला चहा ओट्यावर दिला. जावई म्हणून मला पाट मिळाला, एवढीच काय ती इभ्रत राहिली. सुनीतानं मात्र कपाला हातही लावला नाही. तिला डोळ्यांसमोर दिसत होतं ते एवढंच: सुजल्या गुडघ्यानं तीन वाहनं बदलून बाप लेकीच्या दारात उभा राहणार आणि दारात लेक नसणार.

मी टेपाडावर पळालो. चिखलात दोनदा बसलो, पण आईला फोन लागला.

"आई, मामा येतायत. त्यांना बसवून ठेव. आम्ही उलटे येतोय."

"बसवते की," आई म्हणाली.

आम्ही उतरायला लागलो. घाटात मी उतारावरही क्लचवर पाय ठेवूनच होतो (आत्मविश्वासासाठी). अर्ध्या वाटेवर जळका वास यायला लागला. डिंभ्याजवळ गाडीनं घरघर केली आणि देह ठेवला. तिथं रेंज होती. मदतीची वाट बघत तासभर गेला, तेव्हा आईचा फोन आला.

"पावनं येऊन गेले."

"गेले? तुला बसवायला सांगितलं होतं ना!"

"मग? बसवलं की. पर तू त्येंना उटू देऊ नको आसं कुटं म्हनलास? म्या सांगितलं, लेक वर गेली. तर म्हनले, मंग मी बी जातो. च्या ठेवला व्हता, तो पन प्याले न्हाईत. लेक न्हाई तर च्या कसला म्हनले."

सुनीता शेजारीच उभी होती, तिनं सगळं ऐकलं. पदर तोंडाला लावून ती रस्त्याकडे पाठ करून उभी राहिली. मी आयुष्यात बराच मूर्खपणा केलाय आणि प्रत्येक वेळी ती आधी रागावते, मग हसते. त्या दिवशी ती रागावलीच नाही. मला फार वाईट वाटलं.

एका ट्रॅक्टरवाल्यानं दोर बांधून आमची गाडी घोडेगावपर्यंत ओढत आणली. सगळं गाव बघत होतं. गॅरेजवाल्यानं वास घेऊनच सांगितलं, "क्लचप्लेट गेली. गाडी ठेवून जा." मी म्हणालो, "चल, मंचरला जाऊ, तिथं गाठू त्यांना." सुनीतानं मला हातानं थांबवलं.

"आता आपन हालायचं न्हाई. वर जानारं मानूस घोडेगाववरनंच जातंय. हितंच बसायचं."

दिवसभरातला हा पहिला शहाणपणाचा विचार आणि तो माझा नव्हता. आम्ही स्टँडच्या बाकावर बसलो. एसटी यायची, माणसं उतरायची, सुनीता प्रत्येक टोपीकडे बघायची. दुपार कलली तेव्हा मंचरच्या गाडीतून एक पाय खाली आला, थांबला, मग दुसरा आला. मामा.

सुनीता उठून धावली.

"कशाला आला बाबा? गुडगा बगा केवडा झालाय," ती म्हणाली आणि रडायला लागली.

"गुडगा काय, दुकतोच हाय. तू वाट बगत आसशील म्हनलं."

मामा बाकावर टेकले. मी पाणी आणलं. एक घोट पिऊन ते म्हणाले, "खरं तर तुमी निगायच्या आत गाटलं आसतं मी. पर घाटात कोन येडं गाडी आडवी घालून बसलं व्हतं, त्येच्यापायी समदा उशीर झाला. रिवस येत न्हाई आन गाडी घेऊन फिरत्यात."

सुनीतानं माझ्याकडे पाहिलं. मी एसटीच्या वेळापत्रकाकडे पाहिलं. आणि मग ती रडता रडता अशी हसायला लागली की तिला ठसका लागला, आणि मामांना कळेना की एवढं हसण्यासारखं ते काय बोलले. (अजूनही कळलेलं नाही. कृपा करून कुणी सांगू नये.)

"चला, आता जीपनं वर जाऊ," मी घाईघाईनं म्हणालो.

मामांनी मान हलवली. "आसं कसं पावनं? मुळाला लेक ष्ट्यांडावरनं न्हेत न्हाईत. लेक उंबऱ्यातनं काडायची आसती."

मला वाटलं, निदान आज तरी सुनीता त्यांना समजावेल. ती पिशवी उचलून केव्हाच उभी राहिली होती. नारायणगावला टोमॅटो उतरवायला निघालेल्या पिकअपमध्ये आम्ही तिघं चढलो. मामा आणि लेक पुढं ड्रायव्हरशेजारी, मी मागं क्रेटवर. पुढं नारायणगावहून एसटी मिळाली. दिवेलागणीला मामा आमच्या दारात, जणू पहिल्यांदाच येतायत असे उभे राहिले. सुनीता आधीच मागच्या दारानं आत गेली होती. पाण्याचा तांब्या घेऊन ती पुढं आली.

"आलात बाबा?"

"आलो बाय. चल, मूळ घेऊन आलोय."

आमची आई, जी एरवी कुणालाही सोडत नाही, तिनं सुद्धा फक्त पुन्हा चहा ठेवला. या वेळी मामा दोन कप प्यायले.

सकाळी निघताना त्यांनी लेकीची पिशवी खांद्याला लावली. सुनीतानं मागितली नाही. ती फक्त म्हणाली, "बाबा, चप्पल चावतीया, हळू चालू या का?" चप्पल जुनीच होती. मामा म्हणाले, "सावकाश चल, मी हाय ना." दोघं रस्त्यापर्यंत अशी चालली की मागून येणारी एक म्हैससुद्धा पुढं निघून गेली. मी बघत होतो आणि मध्येच उगाच खोकून घेतलं.

एसटी आली तसा मीही पायरीवर पाय ठेवला. मामांनी हात आडवा केला.

"मुळासंगं जावई येत न्हाई. पंचमी झाली का तुमी आनाया या. गाडी नगा आनू. लवकर पोचाल."

मी त्यांचं ऐकलं. पंचमी उरकल्यावर पहाटेची एसटी पकडली, मग घोडेगावहून जीप, जीपमध्ये कुणाच्या तरी मांडीवर अर्धा मी, आणि हिरडेवाडीत इतका वेळेवर पोचलो की माझा मलाच विश्वास बसेना. ओट्यावर मामा पाय लांब करून बसले होते आणि सुनीता त्यांच्या गुडघ्याला तेल चोळत होती. मला बघून तिचा हात थांबला.

"एवड्या लवकर कशाला आलात?" ती म्हणाली. मग जीपच्या रस्त्याकडे बघत तिनं उसासा टाकला. "तुमची गाडीच बरी व्हती."

त्या गाडीचं आजवर कुणी केलेलं हे एवढंच कौतुक.