आईला चर्च पसंत पडेना

आई वेंगुर्ल्याचं घर बंद करून दिंडोशीला माझ्याकडे राहायला आली, तेव्हा तिची एकच अट होती. चर्च प्रेस्बिटेरियनच हवं, आणि तेही जुन्या वळणाचं. उपदेश शास्त्रातला, कारभार वडीलधाऱ्यांच्या मंडळाकडे, आणि ड्रम अजिबात नको. मी जायचे त्या चर्चमध्ये ड्रम तर होताच, शिवाय स्टेजवर धूर सोडायचं मशीनही होतं. पहिल्याच रविवारी धूर सुटला आणि आई पर्स उचलून दाराकडे पळाली. तिला वाटलं, आग लागली.

मग आम्ही दुसरं चर्च शोधायला लागलो. सोबत शेजारच्या काकू. त्या मालवणच्या, रोज पूजा करणाऱ्या, पण आईशी मालवणीत बोलायला मिळतं म्हणून चर्चलाही यायला एका पायावर तयार. दारात चपला काढायच्या आणि पिशवीत घालून मांडीवर ठेवायच्या.

अंधेरीचा उपदेश सुरू होता होताच संपला. "हा उपदेश की बातम्यांचे ठळक मुद्दे?" आई म्हणाली. मुलुंडला तिने उपदेश करणाऱ्या पाळकांनाच गाठलं. "देव माणसाला आधीच निवडतो, हे मानता ना तुम्ही?"

"मावशी, चहा घ्या ना," पाळक म्हणाले. झालं, तेही नापास.

परतताना रिक्षात काकूंनी विचारलं, "देवान आधीच निवडल्यान, तर आमी रिक्षेन कित्याक भटकतंव?" आईने रिक्षावाल्याला वेग वाढवायला सांगितलं.

बोरिवलीला मात्र जमलं. शाळेच्या हॉलमध्ये उपासना, साधी पेटी, आणि उपदेश इतका लांब की काकूंची एक झोप काढून झाली. आई एकदम खूश. "मला सभासद व्हायचंय," तिने पाळकांना सांगितलं.

"आनंद आहे, मावशी. आमच्या मंडळातले दोघं घरी येऊन चार प्रश्न विचारतील."

"मला?" आई म्हणाली. तिचा चेहरा पडला.

त्या दिवसापासून घरात परीक्षेचं वातावरण. कोलंबी सोलता सोलता काकू प्रश्न विचारायच्या आणि आई घोकायची. शनिवारी संध्याकाळी इस्त्रीच्या शर्टातले दोन गृहस्थ आले. आई कडक साडीत, पाठ ताठ करून बसली.

"मावशी, तुमचं तारण कशाने झालं? पापातून सुटका कशामुळे?"

आईने पंख्याकडे पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं. एवढ्यात स्वयंपाकघरात भजी तळणाऱ्या काकूंची हाक आली, "अगो, कृपेन म्हण, कृपेन! चांगल्या कामांनी न्हय!"

थोरल्या गृहस्थांनी मान लांब केली. "आपण कुठल्या मंडळीच्या, म्हणजे कुठल्या चर्चच्या?"

काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. "आमचो देव रवळनाथ."

ते गृहस्थ इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. आई मात्र भडकली, आणि त्या रागातच तिला सगळं आठवलं. विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं तिने दिलीच, न विचारलेल्यांचीही दिली. शेवटी त्यांनीच हात जोडले. "बस, मावशी. उद्या मंडळीपुढे उभ्या राहा, तुम्हाला सभासद करून घेऊ."

दार लागताच आई काकूंवर उखडली. "माका उत्तर येय होता!"

"येय होता तर बोलाचा होता," काकू म्हणाल्या आणि पाहुण्यांनी उरवलेली भजी पुढ्यात ओढून बसल्या. आईही बसली, पण कुरकुरत.