सीरियस, आणि आराम से

शाळेत 'सीरियस' या शब्दाचा अर्थ फळ्यावर 'गंभीर' असा लिहून दिला होता. वाक्यात उपयोगही करून दाखवला होता, अभ्यासाबद्दल सीरियस असलेल्या कुठल्याशा मुलाचा. मला त्या मुलाची काळजीच वाटली. आमच्या घरी हा शब्द फक्त फोनवरून यायचा, आणि तो आला की मोठी माणसं चहा अर्धा टाकून बस स्टँडकडे निघायची. बदनावर गावचा मामा 'सीरियस' होता तेव्हा आम्ही पोचलो, तर अंगणात तिरडी बांधून तयार होती.

आमच्या लोकांत ही रीतच आहे. ज्याला वाटेला लागायचंय त्याला माणूस गेल्याचं फोनवर सांगायचं नाही, सीरियस आहे म्हणायचं. पुढचं दारात पोचल्यावर. रडत रडत कुणी प्रवास करू नये, एवढाच हेतू. पण त्यामुळे झालंय असं, की खरोखरच अत्यवस्थ असलेल्या माणसासाठी आमच्याकडे शब्दच उरलेला नाही. देवासच्या आमच्या ऑफिसात साहेब म्हणतात, "मॅडम, थोडा सीरियस हो जाइए," आणि सगळे हसतात. मी आधी फोन बघते.

गेल्या थंडीत एका सकाळी धारहून धाकट्या भावाचा फोन आला. आई त्याच्याकडे असायची.

"ताई, आई सीरियस आहे. डॉक्टर बोले घर ले जाओ, तर घरी आणलंय. तुम लोग निघून या."

"बोलतेय का रे?"

"तू ये ना, ताई. और सुन, आराम से आना."

ते 'आराम से' मला सुईसारखं टोचलं. जिवंत माणसाजवळ कुणी आरामात बोलावतं का? पुन्हा फोन करून सरळ विचारावं असं दहादा वाटलं. केला नाही. विचारलं असतं तर त्याला उत्तर द्यावं लागलं असतं.

आईची धाकटी बहीण, माझी मावशी, आमच्याच गल्लीत राहते. तिला सांगायला गेले तर ती सरळ कपाटापाशी गेली आणि एक मोतिया रंगाची महेश्वरी साडी काढून पिशवीत घालू लागली. स्वतःसाठी घेतलेली, घडी न मोडलेली. बाई गेली की तिच्या अंगावर शेवटची साडी माहेरची पडते, आणि आईचं माहेर म्हणून आता मावशी एकटीच उरली होती.

"मावशी, ती ठेव आत. सीरियस म्हणालाय तो. सीरियस म्हणजे सीरियस."

"मला इंग्रजी येत नाही गं," मावशी म्हणाली, "पण हा शब्द येतो."

गाडी नवरा चालवत होता. इंदूरचा बायपास मागे पडला. ती पिशवी आमच्या दोघींच्या मध्ये होती आणि मला ती दाराबाहेर भिरकावून द्यावीशी वाटत होती. बेटम्याला मावशीने गाडी थांबवायला लावली. "पोहे खाऊन घ्या. तिथे आज चूल पेटायची नाही." मला असा राग आला की काय सांगू! आई वाट बघत असेल तर? एकेक श्वास मोजत असेल आणि आम्ही इथे शेव घालून पोहे खातोय? नवऱ्याने खाल्ले. मी माझी प्लेट तशीच परत केली. मन चिंती ते वैरी न चिंती. पुढच्या रस्त्यात मी आईला कितीदा मारलं आणि कितीदा जिवंत केलं, माझं मला ठाऊक.

गल्लीत वळताना मी आधी चपला बघितल्या. दारात गर्दी नव्हती. खुर्च्या मांडलेल्या नव्हत्या. भाऊ बाहेर आला आणि मी गाडी पुरती थांबायच्या आत उतरले.

"आहे," तो म्हणाला. "आहे ताई, बघ ना आत जाऊन."

"मग आराम से कशाला म्हणालास?"

"अगं, वाटेत घाटाबिल्लोदला ट्रक किती असतात!"

मी त्याच्या दंडावर एक चापट मारली आणि तिथेच ओक्साबोक्शी रडले.

आईचे डोळे उघडे होते. आवाज कसाबसा फुटत होता. तिने बहिणीकडे पाहिलं, मग पिशवीकडे.

"काय आणलंस?"

मावशीला खोटं सुचलं नाही. "साडी."

"दाखव." आईने पदरावर बोटं फिरवली. "चांगली आहे. घडी मीच मोडेन."

आणि खरोखरच मोडली. डॉक्टरांनी घरी पाठवलेली आमची आई संक्रांतीला तीच साडी नेसून ओट्यावर बसली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तिळगूळ देत होती. त्याच दिवशी तिने भावाला समोर उभं करून बजावलं, "मी गेले की ताईला 'गेली' म्हणूनच सांग. रस्ताभर पोरीचा जीव टांगणीला लावू नकोस." तो हो म्हणाला.

त्यानंतर त्याचं नाव फोनवर दिसलं की मी हातातलं काम टाकून फोन उचलायचे. तो सोयाबीनचा भाव सांगायचा, नाहीतर आईच्या गोळ्यांचं विचारायचा, आणि मी उगाच त्याच्यावर खेकसायचे.

चैत्रात पुन्हा सकाळीच फोन आला, तेव्हा मी मावशीकडे होते.

"ताई," तो म्हणाला. मागे वहिनीचा आवाज येत होता. मी वाट बघत होते. सांगून टाक बाबा, असं मनात म्हणत होते.

"ताई, आई... सीरियस आहे."

मावशी माझ्या तोंडाकडे बघत उभी होती. या वेळी तिने कपाट उघडलं नाही. साडी तिकडेच, आईपाशी होती.

"बरं," मी म्हणाले. "आरामात येतो आम्ही. तू काही खाऊन घे रे."