एका दमात कॅल्शियमपर्यंत

आमच्या धुळ्याच्या कॉलेजात खरा शिक्षक एकच होता आणि त्याला वर्गात शिकवायची परवानगी नव्हती. ते जिमखान्याचे सर. बाकीचे आम्ही प्राध्यापक. मी तर तर्कशास्त्राचा, म्हणजे सर्वांत निरुपयोगी. सर बारा महिने खाकी अर्ध्या चड्डीत असत. गॅदरिंगला मंत्री यायचे होते म्हणून प्रिन्सिपॉलसाहेबांनी त्यांना कोट घालायची विनंती केली, तर सरांनी चड्डीवरच कोट चढवला. स्टाफरूममधल्या चहाला ते शिवत नसत. डब्यातून भिजवलेले हरभरे आणत आणि इंग्रजीच्या प्राध्यापकांच्या हातावर मूठभर ठेवून म्हणत, "खा भाऊ, कविता शिकवायलाही दम लागतो."

खेळ वाढला की कॉलेजची तालीम होते, असं साहेबांचं मत. "लोक आपल्याला निकालावरून ओळखतात," हे ते वर्षातून एकदा गळ्यात हार घालून आणि एरवी हाराशिवाय सांगत. त्या वर्षी कबड्डीचा कप्तान, शिरपूरकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, सहामाहीत रसायनशास्त्रात नापास झाला. साहेबांनी फर्मावलं: तो वार्षिकात पास झाला तर मैदान राहील, नाहीतर तिथे नवं ऑफिस होईल. मुलाचे वडील येऊन सरांपुढे हात जोडून उभे राहिले. "सर, हाऊ पोऱ्या पास व्हई ना?"

"व्हई ना, आबा. त्यानामा दम शे," सरांनीही अहिराणीतच पोराच्या दमाचा भरवसा दिला.

दुसऱ्या दिवसापासून सरावात 'कबड्डी कबड्डी' म्हणायला बंदी झाली. चढाईला जाताना एका श्वासात मूलद्रव्यं म्हणायची, तीही क्रमाने. चुकलं की हात हलवत परत. महिनाभरात कप्तान हायड्रोजनपासून कॅल्शियमपर्यंत जाऊन, वाटेत दोन गडी मारून परत येऊ लागला. रसायनशास्त्राचे प्राध्यापक पाहायला आले आणि गुपचूप निघून गेले. त्यांना स्वतःला क्लोरीननंतर वही लागे.

अंतिम सामना जळगावला होता. आम्ही एका गुणाने मागे, शेवटची चढाई. कप्तान रेघ ओलांडून गेला आणि घाबरल्या तोंडात जे बसलेलं होतं तेच बाहेर आलं: "हायड्रोजन, हेलियम, लिथियम..." पंचांची शिट्टी झाली. 'कबड्डी' म्हटलं नाही म्हणून चढाई रद्द, सामना गेला. जळगावकर ओरडले, "अरे, याला प्रयोगशाळेत न्या!" सर मात्र उभे राहून टाळ्या वाजवत होते. "एकही चुकलं नाही रे!"

"कॉलेजची अब्रू गेली," आम्ही परतल्यावर साहेब गरजले.

"गेली कशी?" सर म्हणाले. "अख्ख्या जळगावानं ऐकलं, आपली पोरं मैदानातही अभ्यास करतात. त्यांची वर्गात तरी करतात का, विचारा."

जूनमध्ये निकाल लागला. कप्तान रसायनशास्त्रात वर्गात तिसरा. साहेबांनी त्याचं अभिनंदन केलं आणि मैदान घेतलं. हरणाऱ्या संघाला मैदान कशाला, असा त्यांचा सवाल. तर्कशास्त्र शिकवणाऱ्या मला उत्तर सुचलं, पण द्यायचा धीर झाला नाही. सरांनी वाद घातलाच नाही. चुन्याची बादली उचलली, पोरांना घेऊन पांझरेच्या पात्रात उतरले आणि वाळूवर मैदान आखलं. पूर आला की रेघा वाहून जात. पूर ओसरला की सर पुन्हा आखत. निवृत्तीपर्यंत हेच चाललं.

त्या ऑफिसात आता निकालांचे तक्ते लावले आहेत. चांगले आहेत. मी मात्र पुलावर अजून सायकल थांबवतो आणि खाली पाहतो. वाळू तेवढी असते.